माझ्या शटरचा खांब, त्यांच्या मांडवाची मेढ

माझ्या भावकीतल्या दिरानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शिरड शहापुरात आणि आसपासच्या पाहुण्यारावळ्यांत ही गोष्ट आता उलटी फिरवून सांगितली जाते. त्यात मी लग्नात विघ्न आणायला निघालेली बाई असते आणि तो बिचारा मुलीचा बाप असतो. बिचारा! माझ्या गोदामाचा लोखंडी खांब मला न विचारता उचलून नेला, वर चारचौघांत ‘विचारून नेला’ असं सांगितलं, आणि परत देतो म्हणून दिलेला शब्दही पाळला नाही. असा माणूस बिचारा कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

एका खांबासाठी एवढा गहजब कशाला, असं ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी आधी खांबाचंच सांगते.

नवरा गेला तेव्हा माझ्याकडे मिरची कांडायची एक मशीन होती, तीही दुसऱ्यानं वापरून टाकलेली. तिच्यावर मी गावाची मिरची कांडली, मग हळद दळायला लागले, मग हळद विकत घेऊन पावडर करून विकायला लागले. सगळं घासाघीस करून उभं केलं. पोत्यांचा बारदाना घेताना घासाघीस, हळद घेताना घासाघीस, टेम्पोवाल्याशी घासाघीस. मोंढ्याच्या बाजारात माझी पाठ वळली की लोक काय बोलतात तेही मला माहीत आहे. ‘ही बाई मीठ घेतानाबी दोन खडे वर मागती.’ मागते. मागितल्याशिवाय मला आजवर कुणी काही दिलेलं नाही. माझं तोंड तिखट आहे असंही म्हणतात. वर्षानुवर्षं मिरची कांडणाऱ्या बाईचं तोंड गोड कुठून असणार?

गावाबाहेर, औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं टिनाचं गोदाम आहे. अर्ध्या भागात गिरणी, अर्ध्या भागात माल, आणि मधल्या जागेत माझी पिकअप गाडी. गाडी उलटी आत घेता यावी म्हणून पुढचं दार चांगलं रुंद ठेवलं आणि त्याला एकच मोठं शटर बसवलं. दार पश्चिमेला आहे, कारण रस्ता पश्चिमेला आहे. रस्त्याच्या पलीकडे माझ्या दिराचं एकटंच घर, आणि त्या घराच्या दोन्ही अंगांनी नजर पोहोचेल तिथपर्यंत मोकळी रानं. वैशाखात दुपारनंतर वारं उठलं की त्या रानांवरून जे सुटतं ते माझ्या शटरवर येऊन आदळतं. मध्ये अडवायला काही नाही.

सुरुवातीला साधं शटर होतं आणि मला त्याची कधी भीती वाटली नव्हती. मग एकदा हळद बघायला डोंगरकडा गावाला गेले. आदल्या दिवशी तिकडे वादळ होऊन गेलं होतं. ज्याच्याकडे माल होता तो व्यापारी आपल्याच गोदामात खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर आभाळ होतं. छप्पर नव्हतंच.

मी म्हणाले, “शेठ, पत्रे हलके वापरले व्हते का?”

तो म्हणाला, “समदे तेच इचारून राहिले. पत्रे बराबर व्हते, हुक बी बराबर व्हते. ते शटर बघा.”

शटर एका बाजूनं निघून लोंबत होतं. वाऱ्यानं त्याला आत ढकललं, मधे त्याचं पोट सुटलं, पोट सुटलं तशा पट्ट्या बाजूच्या चॅनलमधून निसटल्या, आणि वारा आत शिरला. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट नव्हती. त्यानं छप्परच वर उचललं. माझा समज होता की पत्रे वरून वाहणाऱ्या वाऱ्यानं उडतात. त्या दिवशी कळलं की ते आतून उडतात. दार टिकलं तर छप्पर टिकतं, दार गेलं की सगळं गेलं. त्या माणसाशी मी हळदीचा भाव फार ताणला नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी आहेत.

तिथून घरी न जाता थेट औंढ्याला उतरले. देवळाच्या मागच्या अंगाला एका मुसलमान मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. बाप शटरचं काम करायचा, आता हा करतो. काम चोख, आणि बोलण्यात मला पुरून उरणारा.

मी म्हणाले, “भाई, वाऱ्यानं पोट काढणार न्हाई असं शटर पायजे.”

“बाई, एवढं रुंद शटर हाय, पोट काढणारच. मधी खांब लागंल.”

“मग लावा.”

“लावतो की. पण खांबाचा हिसाब येगळा.”

“येगळा काहून? सदरा शिवला तर गुंड्यांचे येगळे घेता का?”

“गुंडी खिशात मावती बाई. ह्यो खांब उचलायला दोन गडी लागतेत.”

मी त्याच्या स्टुलावर बसून राहिले. चहा आला, प्यायले. उठले, रस्त्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा चहा आला. शेवटी त्यानं डोळ्यावरचा काळा चष्मा काढून हात जोडले. “घ्या बाई, खांब घ्या, दुकान बी घ्या. मीच येतो तुमच्याकडं मिरची कांडायला.”

अशा रीतीनं तो खांब शटरवर वरताळा म्हणून, वेगळे पैसे न मोजता माझ्या घरी आला. तो कुणी मला दान दिलेला नाही, भावकीच्या वाट्यातून आलेला नाही. तो मी बसून, उठून, भांडून मिळवला आहे.

मिस्त्रीनं मन लावून काम केलं, हे मला कबूल करावं लागेल. बाजूची चॅनल खोल केली. प्रत्येक पट्टीच्या टोकाला आकडी बसवली, म्हणजे पट्टी सहजासहजी निसटणार नाही. आणि मधोमध उभा करायला हा चौकोनी खांब. वरचं टोक तुळईच्या खोबणीत बसायचं, खाली जाड रुंद पाटा, तो जमिनीला बोल्टनं आवळायचा. शटर खाली ओढून खांब उभा केला की आतल्या कड्या खांबाला अडकवायच्या. कारण वारा नुसता ढकलत नाही, मधेच माघार घेऊन ओढतोही. तेव्हा शटरला मागंही जाऊ द्यायचं नाही आणि पुढंही येऊ द्यायचं नाही. गाडी काढायची असली की बोल्ट सैल करून खांब बाजूला भिंतीशी ठेवायचा. त्यावर मी माझं एक वाढवलं होतं. वादळाचा रंग दिसला की गाडी उलटी घेऊन तिचा मागचा भाग खांबाला टेकवायचा, मधे रिकाम्या पोत्यांची घडी. शटरच्या बुडाशी वाळूची पोती.

हे सगळं बघून हाच माझा दीर हसला होता. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. रस्ता ओलांडून आला, खांबावर थाप मारली आणि म्हणाला, “वैनी, गोदाम हाय का किल्ला? कोण चाल करून येऊन राहिलं तुमच्यावर?”

“वारं,” मी म्हणाले.

त्याच वैशाखात त्याच्या गोठ्याचे पत्रे उडाले आणि रानात सापडले. माझं शटर नुसतं खडखडलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा खांबावर हात ठेवला, पण या वेळी थाप मारली नाही. “खांब जबर हाय वैनी,” म्हणाला. तेव्हाच त्याच्या नजरेत तो भरला असावा.

आता लग्नाचं. यंदा त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी गुणाची आहे. लहानपणी शाळेतून येताना माझ्या गिरणीत शिरायची, मिरचीच्या खकाण्यानं शिंकत सुटायची, शिंकता शिंकता हसायची आणि तरी बाहेर जायची नाही. तिच्याविषयी माझ्या मनात काडीचंही किल्मिष नाही, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. पुढं जे झालं त्यात मी मागं सरले ते तिच्यासाठी.

लग्नाच्या निमित्तानं दिरानं अंगणाला सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. पाहुण्यांनी बघत राहावं असं अंगण. पण अंगण करताना मेढीसाठी खड्डा ठेवायचा तो विसरला. आमच्याकडे मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. ती जमिनीत रोवायची, तिला देवक बांधायचं, सवाष्णींनी हळदीकुंकू वाहायचं, मग बाकीचा मांडव चढायचा. मुहूर्ताची वेळ आली आणि मेढ रोवायला माती नाही. नवे कोरे ब्लॉक उखडायचे त्याच्या जिवावर आलं. तेव्हा त्याला माझा खांब आठवला. रुंद पाट्याचा खांब, पाट्यावर चार विटा ठेवल्या की फरशीवरही उभा राहणारा.

मी त्या दिवशी हिंगोलीला मोंढ्यात गेले होते. गोदामात गिरणी बघणारी माझी बाई एकटी होती. शटर उघडं, खांब भिंतीशी ठेवलेला. दीर दोन गडी घेऊन आला आणि तिला म्हणाला, “वैनीला फोन केलता. व्हय म्हणल्या.” तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? भावकीतला माणूस, लग्नघर, तोंडावर हसू. तिनं उलट खांब उचलायला हात लावला.

मला कसलाही फोन आला नव्हता. माझा मोबाइल दिवसभर माझ्या हातात होता. मोंढ्यात भाव बघायचा तर तो हातातच लागतो.

संध्याकाळी बसमधून उतरले तर समोर त्याच्या अंगणात माझा खांब उभा. त्याला आंब्याचे डहाळे बांधलेले, पिवळ्या फडक्यात हळकुंड, अंगभर हळदीकुंकवाची बोटं. सभोवती सवाष्णी बसून गाणी म्हणत होत्या. मी रस्त्यावरूनच विचारलं, “भाऊजी, ह्यो खांब माझा न्हवं का?”

तो उठला, हसत आला. “वैनी, तुमचाच की. तुमी व्हय म्हणल्या म्हणून तर आणला.”

“मी कवा व्हय म्हणले?”

“आता बघा!” तो मागं वळून पाहुण्यांना म्हणाला, “वैनीच्या डोक्याला धंद्याचा ताप. सकाळी बोललेलं संध्याकाळी ध्यानात ऱ्हात न्हाई.”

माणसं हसली. ज्या बाईला दहा वर्षांपूर्वी कुणी बारदान फाटकं दिलं हेही पाठ आहे, तिला विसरभोळी ठरवून माणसं हसली. मी तिथंच त्याला खोटं पाडणार होते. पण अंगण पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि मुलगी दारात उभी होती. मी आवाज खाली घेतला आणि जे मला येतं ते केलं. सौदा करू लागले.

“भाऊजी, वैशाख हाय. गोदाम मालानं भरलंय. पॉलिश केलेली हळद हाय, तिला पाण्याचा थेंब चालत न्हाई. मी तुमाला दुसरा बांबू देते, वाळूनं भरलेलं पिंप देते, त्यात रोवा. तुमची मेढ बी ऱ्हाईल, माझा खांब बी ऱ्हाईल.”

“मेढ हलवत नसतेत वैनी. देवक बसलंय.”

“गुरुजींना इचारा.”

त्याला विचारायचं नव्हतं, म्हणून मीच माझ्या मोबाइलवरून लग्न लावणाऱ्या गुरुजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. गुरुजी म्हणाले, “अहो, मेढ म्हणजे ती फांदी आणि देवक. लोखंडाला काय करायचंय? सकाळी नमस्कार करून फांदी दुसऱ्या खांबाला बांधा, काही दोष नाही.” अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. दिराचं तोंड एवढंसं झालं. मग पाहुण्यांपुढं तो म्हणाला, “ठीक हाय. उद्या दुपारच्या आत खांब तुमच्या दारात. मग तर झालं?”

त्या शब्दावर मी घरी गेले. शब्द साक्षीदारांसमोर दिलेला होता. बाजारात मी याहून कमी भरवशावर माल सोडलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीची हळद होती. सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, जिल्ह्यात दुपारनंतर विजांसह वादळी वारं. माझी पिकअप पावडर घेऊन नांदेडला गेलेली, म्हणजे खांबाला टेकवायला गाडीही नाही. औंढ्याच्या मिस्त्रीला फोन केला, दुसरा खांब आजच्या आज करून द्या म्हणाले. तो म्हणाला, “बाई, लग्नसराई हाय, दुकानात स्टेजच्या सांगाड्यांनी पाय ठेवायला जागा न्हाई. चार दिवस द्या.” वाऱ्याला चार दिवस कोण देणार?

दुपार कलायला लागली तरी खांब आला नाही. मी रस्ता ओलांडून गेले. अंगणात मुलगी पाटावर बसलेली, तोंडाला हळद, सगळ्या बायका तिच्याभोवती. दीर मला बघून दुसरीकडे बघायला लागला.

“भाऊजी, दुपार झाली.”

“वैनी, हळद चालू हाय, तुमाला दिसून न्हाई राहिलं का? उद्या लग्न लागलं की पयलं काम तुमचं.”

“काल काय बोलले व्हते?”

“काल काल व्हता. आज पाहुणे बसलेत. एका खांबासाठी काहून तकलीफ देऊन राहिले?”

“मेसेज आलाय. वारं येऊन राहिलंय.”

“मेसेज रोजच येतेत.”

मग मी त्याच्याशी बोलणं थांबवलं आणि सरळ खांबाकडे निघाले. फांदी सोडून मांडवाच्या दुसऱ्या खांबाला बांधणार होते, गुरुजींनी सांगितलं तसं, नमस्कार करून. माझा हात पोहोचायच्या आत दिराची दूरच्या नात्यातली म्हातारी चुलती ओरडली, “अगं ये! हात नको लावू! तू हात लावत असतेस का मेढीला? लेकराचं वाटोळं करतीस का?”

सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघायला लागल्या.

तिच्या म्हणण्याचा अर्थ सगळ्यांना कळला, मलाही कळला. नवरा नसलेल्या बाईनं मेढीला हात लावायचा नसतो. लोखंड माझं. ते घडवून घेतलं मी, गेलं वर्षभर रोज ज्या हातांनी आवळलं आणि सैल केलं ते हात माझे. पण त्याला हळदीकुंकू लागलं आणि माझा हात विटाळाचा झाला. मी दिराला म्हणाले, “बरं, मी न्हाई लावत. तुमची सून लावंल, ती सवाष्ण हाय. सोडा ती फांदी.” सून जागची हलली नाही. तिनं सासऱ्याकडे पाहिलं, सासरा मोबाइलमध्ये पाहत होता.

मी खांब ओढला असता तर मला अडवणारं तिथं कुणी नव्हतं, एवढं मी माझ्या हातांना ओळखते. पण पाटावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. हळदीनं माखलेल्या तोंडात तिचे डोळे पांढरे झाले होते. पुढं कधी तिच्या संसारात काही कमीजास्त झालं, नुसता ताप आला, तरी हे अंगण तिला आयुष्यभर माझ्या हाताची आठवण करून देत राहील, हे मला दिसलं. मी परत फिरले.

गोदामात येऊन मी आणि गिरणीवाल्या बाईनं जमेल ते केलं. शटर ओढून घेतलं, कुलूप लावलं, बुडाशी वाळूची पोती रचली. दोन बांबू तिरपे करून शटरच्या मधोमध टेकवले, टोकाला पोत्याची घडी. बांबूच्या बुडाला अडवायला काही नव्हतं. गुळगुळीत फरशी, खांबाच्या बोल्टची नुसती छिद्रं. तिथं आम्ही उखळ ओढून ठेवलं.

मग पश्चिमेकडून ते आलं. आधी उजेड पिवळा झाला, मग शटरच्या फटींतून धूळ आत यायला लागली, मग पहिला धक्का. आम्ही दोघी पाठ लावून उभ्या राहिलो. शटरचं पोट माझ्या पाठीला लागत होतं, मागं जात होतं, परत लागत होतं, एखादं जनावर धडका देतं तसं. बाई देवाचं नाव घेत होती, मी दिराचं घेत होते. बांबू उखळासकट सरकले. आणि डाव्या बाजूनं पट्ट्या निसटल्याचा आवाज आला, डबा चेपल्यासारखा, एकामागून एक. खोल चॅनल, आकड्या, सगळं होतं. मध्येच आधार नव्हता म्हणून पट्ट्या वाकल्या, वाकल्या म्हणून निघाल्या. वारा आत शिरला. मी वर पाहिलं तर कोपऱ्यातले पत्रे उचलले जात होते, आणि वहीचं पान उलटावं तसं छप्पर एका अंगानं उलटून गेलं. डोंगरकड्याच्या त्या माणसानं सांगितलं होतं तसंच. त्यानंतर पाऊस.

ताडपत्री ओढली, पण पाऊस वरूनही होता आणि खालूनही. पॉलिश केलेली हळद भिजली की तिचा रंग जातो, डाग धरते, आतून काळी पडते. माझं सगळं वर्ष त्या पोत्यांत होतं. भाव चढायची वाट बघत मी ते धरून ठेवलं होतं.

वारं ओसरल्यावर मी रस्त्यावर आले. समोर मांडवाचं कापड फाटून बाभळीला अडकलेलं, खुर्च्या रानात लोळत होत्या. आणि अंगणात माझा खांब जसाच्या तसा उभा. चार बाजूंनी माणसं त्याला हात जोडत होती. म्हातारी चुलती म्हणत होती, “मेढ हलली न्हाई गं माय! पोरीचं भाग्य थोर!”

मेढ कशाला हलेल? तिला धरायला ना शटर होतं ना भिंत, वारा चारी बाजूंनी निघून गेला. आणि खांब औंढ्याच्या मिस्त्रीनं केलेला होता.

त्याच संतापात मी मिस्त्रीला फोन करून वाट्टेल ते बोलले. काय शटर दिलं, काय आकड्या दिल्या, बापाचं नाव बुडवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, खांब लावला व्हता का?” मी न्हाई म्हणाले. “मग माझ्या शटरला शिव्या काहून देऊन राहिल्या? ज्याच्याकडं खांब हाय त्याला द्या.” फोन त्यानंच ठेवला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

लग्न लागलं. मी गेले, मागं उभी राहून अक्षता टाकल्या. निघताना मुलगी पाया पडली आणि कानाशी म्हणाली, “काकू, बाबांनी तुमाला इचारलं न्हवतं ना?” मी म्हणाले, “आज तू हे इचारू नको. सुखानं नांद.” तिला कळायचं ते कळलं.

मांडव उतरल्यावर दोन गडी खांब आणून माझ्या भिंतीला टेकवून गेले. वाळलेले डहाळे तसेच लोंबत होते. दीर दुसऱ्या दिवशी आला. उघड्या गोदामात उभा राहून वर बघत म्हणाला, “नशीब वैनी. निसर्गापुढं कोणाचं चालतं? पत्रे चढवायला भावकीतले चार गडी पाठवतो.”

“खांबाचं बोला,” मी म्हणाले.

“खांब तर दिला की परत.”

मी भिजलेली हळद मोंढ्यात नेली. तिथल्या व्यापाऱ्यानं एक कांडी उचलली, मोडली, आतला काळा रंग मला दाखवला आणि परत पोत्यात टाकली. ज्या आडतीत मी आजवर समोरच्याला बोलू दिलं नाही, तिथं मी एक पैसाही वाढवून मागितला नाही. त्यानं जो भाव सांगितला तो घेतला. पावत्या करणारा मुनीम मान वर करून माझ्याकडे बघायला लागला, ही बाई आज भांडत का नाही म्हणून.

आणि गावात बोलणं काय उठलं? की तिनं मेढीला हात घातला म्हणून वारं सुटलं. माझा हात मेढीपर्यंत पोहोचलाही नव्हता. सकाळी ज्या ज्या माणसाच्या मोबाइलवर वाऱ्याचा मेसेज आला होता, तोच संध्याकाळी पारावर बसून सांगतो की वारं माझ्या हातानं आलं. दीर तिथंच बसलेला असतो, मान हलवतो, आणि म्हणतो, “जाऊ द्या, वैनी हाय, घरचीच हाय.” असं मोठ्या मनानं मला माफ करतो!

मला त्याचे गडी नकोत. पत्रे मी माझे चढवले आहेत आणि मिस्त्रीशी भांडून खांबाला दोन बोल्ट जास्तीचे बसवून घेतले आहेत. लोकांना वाटतं मी भरपाईसाठी आकांत करते. दोन जाणती माणसं मध्यस्थीला आली, “किती घेतल्यावर मिटंल?” म्हणाली. मी त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. मी जन्मभर सगळ्याची घासाघीस केली, याची करणार नाही.

मला एकच पाहिजे. भाऊजी, ज्या अंगणात तुम्ही मला विसरभोळी ठरवून माणसं हसवली, त्याच अंगणात, त्याच माणसांना बोलावून, त्या म्हातारीला पुढं बसवून तुम्ही उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं की मी वैनीला फोन केला नव्हता, वैनी व्हय म्हणाल्या नव्हत्या, आणि खांब दुपारच्या आत देतो म्हणालो आणि दिला नाही. तुमचा मोबाइल दाखवा, माझा दाखवते. सांगा, कोणत्या वेळी, कोणत्या तोंडानं मी तुम्हाला व्हय म्हणाले होते?